गाडी लागणाऱ्यांचे नाना

नाना उतेकरांना माणसाचे कान बघून कळतं, की याला घाटात गाडी लागली आहे की नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. पोलादपूरच्या स्टँडवर त्यांच्या शेजारी बसून कितीतरी वेळा पाहिलंय. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून आलेली गाडी वळसा घेऊन फलाटाला लागत असते, आणि तेवढ्यात नानांची नजर सगळ्या खिडक्यांवरून फिरून आलेली असते. "तिसरी खिडकी, पिवळी साडी. मागचा टोपीवाला. त्याच्या मागं पोरगा नाय, पोराचा बाप." दार उघडतं. पिवळी साडी तोंडाला पदर लावून उतरते. टोपीवाला उतरताक्षणी खांब धरतो. पोराचा बाप पोराला बायकोच्या हातात कोंबून गटाराकडे धावतो. पोरगा चिक्की खात असतो.

"तोंड खोटं बोलतं, बाई," नाना मला समजावतात. "दात काढून दाखवील, मला काय नाय झालं म्हणून. पण कान पांढरे पडतात. कानाला खोटं बोलता येत नाय."

मग ते उठतात. खांद्यावरच्या खाकी पिशवीतून एक तपकिरी बाटली, ओपनर आणि स्टीलचा पेला काढतात, अर्धा पेला टोमॅटोचा रस ओततात आणि त्या परक्या माणसापुढे धरतात. "घोट घोट घ्या. घाई करायची नाय. घाट हाय." घाट तेव्हा संपलेला असतो. पण नानांच्या लेखी आंघोळ, जेवण, मुलीचं लग्न, सगळा घाटच असतो.

परक्या माणसाची पंचाईत अशी, की बाटली बिअरची असते. आतलं काहीतरी लालभडक असतं. देणारा म्हातारा अनोळखी आणि भलताच आग्रही. बरेच जण दोन पावलं मागं सरतात. पण पोट रिकामं झालेल्या माणसात वाद घालायचं त्राण नसतं, म्हणून तो शेवटी पितो. आणि थोड्या वेळानं बहुतेकांच्या कानांना रंग येतो. हेही मी पाहिलंय.

आमच्या इथल्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, टोमॅटोचा काही संबंध नाही, त्यात आल्याचा रस आणि मीठ असतं, त्यानं बरं वाटत असेल. हे मी नानांना सांगायची चूक केली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. "डॉक्टरांनी घाटात कधी गाडी घातलीय?" मी नाही म्हटलं. "मग," म्हणाले, आणि निघून गेले.

मी मूळची वाईकडची. प्राथमिक शाळेत शिक्षिका. बदली होऊन पोलादपूरला आले आणि नानांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. नाना एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी याच घाटात गेली. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ते काही गाडीतून उतरलेले नाहीत. खुर्चीतून उठताना आधी डावा पाय दाबतात, क्लच असल्यासारखा. बाजारात टोमॅटो घेताना अंगठ्यानं दाबतात आणि "हवा बरोबर हाय" किंवा "ह्यात हवा कमी हाय" असा निकाल देतात. मुलगा मुंबईला, मुलगी महाडला दिलेली. घरात नाना आणि नानी. नानी उंचीनं त्यांच्या खांद्याएवढ्या, आवाजानं दुप्पट.

फेब्रुवारीत नदीकाठच्या मळ्यांतला गावठी टोमॅटो उतरायला लागला, की नाना बेचैन होतात. गावठीच लागतो त्यांना, चुण्यांचा, पातळ सालीचा, आंबट. बाजारातला लांबट, टणक टोमॅटो त्यांना बघवत नाही. "हा खायला नाय केलेला. प्रवासाला केलाय. वाशीला जाऊन परत आला तरी ह्याला काय होत नाय."

मग एका सकाळी अंगणात तीन चुली पेटतात. टोमॅटो धुऊन, देठाकडचा कडक भाग काढून, चिरून स्टीलच्या मोठ्या पातेल्यात शिजायला पडतात. नानींनी एकदा जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं पुढं केलं होतं, तेव्हा नाना म्हणाले, "आंबट घातलंस त्यात तर रसाबरोबर पातेलंबी पोटात जाईल." शिजलेला लगदा पुरणयंत्रातून फिरवायचा, म्हणजे साल आणि बिया वर राहतात. हे पुरणयंत्र नानींच्या माहेरचं. त्यामुळे होळीला त्यांच्या घरच्या पुरणपोळ्या किंचित गुलाबी होतात आणि त्याबद्दल कोणी काही बोलायचं नसतं.

गाळलेला रस पुन्हा उकळायचा. मीठ, चिमूट साखर, लिंबू आणि ते वादग्रस्त आलं. मग उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत तो तसाच गरम ओतायचा. ओतणार नाना, पण हुकूम नानींचा. त्या हातात पळी घेऊन बाटलीच्या गळ्यावर डोळा लावून बसतात. दोनदा ठणठण वाजवलं की ओता, एकदा ठण झालं की थांबा. वरून दोन बोटं जागा रिकामी राहिली पाहिजे. मी पहिल्या वर्षी हसले, तर नाना गंभीरपणे म्हणाले, "नोकरीत कंडक्टरचं ऐकलं, आता हिचं ऐकतो. गाडी कधी थांबवायची ते ड्रायव्हरनी नाय ठरवायचं."

बुचं बसवायला महाडच्या एका बंद पडलेल्या सोडा कारखान्यातलं हातयंत्र आहे. बूच बसलं की बाटल्या पिंपात उभ्या करायच्या, तळाला फडकं घालून, आणि पाणी गळ्यापर्यंत भरून अर्धा तास खळखळ उकळायच्या. त्या अर्ध्या तासात नाना घड्याळ हातात घेऊन पिंपासमोर बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. नंतर बाटल्या बाहेर काढून घोंगडीखाली झाकून ठेवायच्या. वारा लागू द्यायचा नाही. "तापलेल्या गाडीवर लगेच पाणी मारतात काय?"

बाटल्या बिअरच्या का, तर हायवेवरच्या ढाब्यांमागे त्या ढिगानं मिळतात आणि तपकिरी काचेतून ऊन आत जात नाही. कारण अगदी शास्त्रीय आहे, पण ते प्रत्येकाला सांगत बसता येत नाही. पहिल्याच वर्षी नानांनी मला एक बाटली शाळेत नेण्यासाठी दिली. मधल्या सुट्टीत मी ती टेबलावर ठेवली आणि हेडमास्तर आत आले. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार ओढून घेत हळू आवाजात विचारलं, "बाई, घरी काही अडचण आहे का?"

दुसऱ्या वर्षी माझ्या हातून घोटाळा झाला.

शेवटच्या घाण्याच्या वेळी मुलीकडून फोन आला म्हणून नानांना महाडला जावं लागलं. जाताना चारचारदा सांगून गेले, "अर्धा तास. बाई, अर्धा तास." नानी स्वयंपाकाला आत गेल्या. मी पिंपासमोर एकटी. दहा मिनिटं झाली आणि माझ्यातली विज्ञानाची शिक्षिका जागी झाली. रस उकळताच भरला, बाटल्याही उकळलेल्या, मग आता पुन्हा अर्धा तास कशाला? मी जाळ काढला, बाटल्या घोंगडीखाली सारल्या आणि वह्या तपासायला गेले. नाना आले, त्यांनी चुलीकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि त्या पडवीतल्या खाटेखाली लावून टाकल्या.

शिमग्यात ग्रामदेवाची पालखी दारात आली. अंगण भरलेलं, ढोल थांबलेले, नानी ओटी भरायला पुढं झालेल्या. तेवढ्यात पडवीतून आवाज आला, फट. कुणाला वाटलं पोरांनी फटाका लावला. मग दुसरा. मग लागोपाठ चार-पाच. खाटेखालून लाल फेस निघाला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि त्याच्या मागोमाग एक बिअरची बाटली गडगडत पालखीसमोर येऊन थांबली.

गावातले एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. "उतेकर," ते म्हणाले, "देवाच्या पुढ्यात?"

"टोमॅटो हाय," नाना म्हणाले.

गृहस्थांनी वाकून बाटलीचा वास घेतला. रस आंबून फसफसलेला. वास दारूचाच होता. त्यांनी सावकाश मान वर केली आणि नानांकडे असं पाहिलं, की मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण नानांनी आधीच सगळ्यांसमोर हात जोडले होते. "टोमॅटोचाच हाय. आंबलाय. माझी चूक. शेवटचा घाणा मी नीट उकळला नाय." तेवढ्यात नानींनी आतून चांगल्या घाण्यातली एक बाटली आणून फोडली आणि त्या गृहस्थांच्या हातात पेला दिला. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा, मग पेला पालखीच्या भोयांकडे गेला. अर्ध्या तासात चांगल्या रसाच्या वीसेक बाटल्या संपल्या. पालखी त्या वर्षी आमच्या दारात इतकी नाचली की पुढच्या घरचे लोक बोलवायला आले.

सगळे गेल्यावर मी नानांना खरं सांगितलं.

"म्हायती हाय," ते पडवी पुसता पुसता म्हणाले. "अर्ध्या तासाची लाकडं काढून ठेवलेली मी. येऊन बघतो तर निम्मी तशीच."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बाई शाळेत शिकवतात. काय तरी नवीन शास्त्र निघालं असेल."

त्या घाण्यातल्या न फुटलेल्या बाटल्याही त्यांनी केळीच्या खड्ड्यात ओतल्या. चांगल्या मोजक्याच उरल्या. स्टँडवर अर्ध्या पेल्याचा पाव पेला झाला.

माझी आई वाईकडं भावाजवळ असते. तोवर ती एकदाही पोलादपूरला आलेली नव्हती. वाईहून यायचं म्हणजे पसरणी घाट चढायचा आणि आंबेनळी उतरायचा. आईला गाडी इतकी लागते, की लग्नाच्या वऱ्हाडातसुद्धा ती ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत बसते. फोन केला की म्हणायची, "तूच ये बाई. माझ्यानं न्हाई व्हायचं." दोन वर्षं हेच चाललेलं. मी कुठं राहते, काय खाते, माझी खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे ती फोनवर विचारून विचारून घ्यायची.

एप्रिलमध्ये एकदा असंच बोलून मी फोन ठेवला आणि रडले थोडी. भिंत पातळ. संध्याकाळी नाना आले. "फोन लावा आईंना." मी लावून दिला. "ताई," नाना म्हणाले, "मी उतेकर. मोटारसायकलवर तुमाला काय होतं? नाय ना? मग महाबळेश्वरपर्यंत पोराच्या मागं बसून या. तिथनं खाली तुमाला मी आणतो. तो घाट माझा हाय."

आणि आई, जिनं माझं दोन वर्षं ऐकलं नव्हतं, ती त्यांना हो म्हणाली.

मे महिन्यात ठरल्या दिवशी नाना इस्त्रीचा खाकी सदरा घालून, पिशवीत दोन बाटल्या टाकून सकाळच्या गाडीनं वर गेले. दुपारी मी आणि नानी स्टँडवर. गाडी आली, वळली. मी शिकल्याप्रमाणे खिडक्यांवर नजर टाकली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत आई, कान चांगले लालबुंद, बाहेर बघत हसतेय. तिच्या शेजारी नाना. त्यांचे कान कागदासारखे पांढरे.

आईनंच त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. तिच्या दुसऱ्या हातात बाटली होती. "बसा हितं. थोडं थोडं प्या," ती त्यांना सांगत होती. नाना बाकावर बसले आणि डोळे मिटून प्यायले. नानी आधी घाबरल्या आणि मग जे हसायला लागल्या, ते त्यांना खांब धरावा लागला. "अवो," त्या म्हणाल्या, "सगळ्या तालुक्याला पाजलात, आता सोता प्या."

गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून बघायला आला. नानांनी एक डोळा उघडला. "तू ब्रेक लय मारतोस," म्हणाले, आणि डोळा पुन्हा मिटला.

नंतर कळलं ते असं, की नाना जन्मात कधी त्या घाटात सीटवर बसलेच नव्हते. कायम स्टिअरिंगवर. निवृत्त झाल्यावर वर जायची वेळच आली नाही. जाताना सकाळी उपाशीपोटी गेले, निभावलं. येताना तिसऱ्या वळणाला त्यांचं पोट फिरलं, आणि आईला धीर द्यायला आणलेल्या दोन्ही बाटल्या आईनं त्यांनाच पाजल्या. त्या गडबडीत आपल्याला गाडी लागते हे ती विसरूनच गेली.

संध्याकाळी आई माझ्या खिडकीशी बसली होती. बाहेर नाना अंगणात झारीनं रोपांना पाणी घालत होते, अजून जरा हळूहळूच.

"त्येंनी गाडीत मला एक सांगितलं," आई म्हणाली. "उलटी थांबल्यावर. डोळं मिटून सांगत हुते."

नाना या घाटात नव्यानं लागले तेव्हाची गोष्ट. त्यांच्या आईला मुलाची गाडी बघायची होती. ती डोंगरातल्या वाडीतली, गाडीत कधी बसलेली नाही. नानांनी तिला आपल्या मागच्या सीटवर बसवलं आणि ऐटीत गाडी वर नेली. आरशात दिसायची, पदर तोंडाला लावून बसलेली. त्यांना वाटलं, लाजते. महाबळेश्वरला पोचल्यावर बघतात तर आई स्टँडच्या नळावर पदर धूत होती. म्हणाली, धूळ लागली रे. गाडी लय झ्याक चालवतोस. मग म्हणाली, माझी वाट बघू नको, इथं ओळखीची माणसं हायत, त्यांच्याकडं राहून येते. चार दिवसांनी घरी आली.

ती वारली त्यानंतर कित्येक वर्षांनी एका मावशीनं नानांना सांगितलं. आईला पहिल्या वळणापासून उलट्या होत होत्या. ड्रायव्हरच्या आईनं गाडी घाण केली असं कोणी म्हणू नये म्हणून तिनं सगळं पदरात धरलं. आणि पुन्हा गाडीत बसायचा धीर झाला नाही, म्हणून सगळा घाट ती पायवाटेनं चालत उतरली. ओळखीचं वर कोणी नव्हतं.

"म्हणाले, आज कळलं तिला काय झालं आसंल," आई म्हणाली.

पंधरा दिवस राहून आई परत निघाली. नाना सोडायला निघाले. नानी नको म्हणाल्या, मी नको म्हटलं. "चढाला काय होत नाय," म्हणाले. आईसाठी एक आणि स्वतःसाठी एक अशा दोन बाटल्या घेतल्या. उरलेल्यातल्या शेवटच्याच त्या.

दुपारी आईचा फोन आला. दोघं महाबळेश्वरला नीट पोचले होते. भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला होता.

"नाना परतीच्या गाडीत बसले का?" मी विचारलं.

"न्हाई गं," आई म्हणाली. "गाडी समोर लागली हुती. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. पण ते स्टँडमागच्या त्या नळाकडं गेलं. नळ सोडला आन् नुसता हात धारेखाली धरून हुबं ऱ्हायलं. गाडी गेली, तरी तसंच."

"तू काय केलंस?"

"काय करनार. त्येंची पिशवी घेऊन बसलीय बाकावर. तुझ्या भावाला म्हटलं, जा, तू च्या पिऊन ये. आम्ही हाय हितं."